सात मैलचं मस्ट बी

साहेब, तुम्ही आमच्या ‘मस्ट बी’चा खून केलात आणि प्रेत आणून माझ्या दारात टाकलंत. हे मी तोंडावर सांगायला तयार आहे; तुमचं तोंड कचेरीत सापडत नाही म्हणून लिहून सांगतो आहे. तुमचं नाव घेत नाही. तुमच्या खात्याचंही घेत नाही. रस्ता, बस आणि निवारा या तीन गोष्टी ज्यांच्या हातात आहेत त्यांना हे वाचताना आपोआप घाम फुटेल. नाही फुटला, तर तुमच्या खोलीत एसी आहे हे आम्हाला ठाऊक आहे.

प्रेत सिमेंटचं आहे. वर हिरवा पत्रा, तीन बाजूंनी भिंती, आत एक बाक. चौथी बाजू रस्त्याकडे उघडी, आणि पाठ माझ्या घराकडे. त्या पाठीमुळे माझं फाटक निम्म्याच्या वर उघडत नाही. त्यातून सायकल जाते, शेजारच्या इनोकेचा कुत्रा जातो आणि मी पोट आत ओढून जातो. माझी बायको धनराजी जात नाही. ती पोट आत ओढायला तयार नाही, कारण तिच्या मते चूक पोटाची नाही.

आता सगळं सांगतो. मध्ये बोलू नका.

आमच्या वस्तीचं नाव सात मैल. लंबासा शहरापासून सात म्हणावं तर जास्त भरतात. साखर कारखान्यापासून म्हणावं तर कमी पडतात. कुठून सात ते कुणालाच माहीत नाही, पण सात हे नक्की. सांगायचा मुद्दा असा की नक्कीपणाच्या बाबतीत आमची वस्ती मुळापासूनच जरा वेगळी आहे.

आमची बस थांबायची शिरीषाच्या मोठ्या झाडाखाली. तिथे खांब नव्हता, पाटी नव्हती. केसायाचं टेबल हीच पाटी. केसाया पहाटे उठून रोट्या लाटते, आत बटाट्याची नाहीतर डब्यातल्या माशाची भाजी घालून गुंडाळते, सोबत चिंचेची चटणी देते. ती जातीची फिजियन, पण रोटी अशी लाटते की आमच्यातल्या सुना तिच्याकडे बघायला येतात आणि घरी जाऊन सासूला दोष देतात. बसचा ड्रायव्हर रामसमूझ झाडाखाली गाडी बंद करायचा, खाली उतरायचा, एक रोटी उभ्यानं खायचा, दुसरी बांधून घ्यायचा, आणि मग बस सुटायची. उतारू कुरकुरत नसत. तेही खातच असत.

झाडामागे केसायाचं घर आहे. तिचा नवरा एपेली नारळाच्या झाडावरून पडला तेव्हापासून खाटेवर आहे. खाट खिडकीशी लावली आहे. त्याला पाणी हवं असलं, कूस बदलायची असली की तो हाक मारतो, “केसा!” आणि ती हात पुसत जाते. टेबलापासून खाटेपर्यंत एका हाकेचं अंतर. त्या दोघांचं सगळं घर त्या टेबलावर चालतं. हे नीट लक्षात ठेवा, साहेब, कारण तुम्ही नकाशा काढलात त्यात हाक कुठेच काढलेली नव्हती.

तर त्या झाडाची एक खोड होती. ते ऊन अडवायचं, पाऊस नाही. पाऊस आला की लोक आपल्या छत्र्या रोट्यांवर धरायचे आणि स्वतः भिजायचे. हे बघून माझ्या डोक्यात आलं की इथे एक छप्पर हवं. एवढंच. मी काही पूल मागितला नव्हता.

मी हे इनोकेला बोललो. इनोके पोलिसातून निवृत्त झाला आहे आणि मला ‘तवाले’ म्हणतो. तवाले म्हणजे मेव्हणा. आमचं कसलंही नातं नाही, पण मेव्हण्याचे हक्क तो सगळे बजावतो. माझी शिडी त्याच्याकडे आहे.

“तवाले,” तो म्हणाला, “चार बांबू, दोन पत्रे. शनिवारी चौघं मिळून उभं करू. विचारतोस कुणाला?”

“रस्ता सरकारी आहे. परवानगी लागते.”

“विचारलंस की ते येतात.”

“तू पोलीस होतास ना?”

“म्हणूनच सांगतोय, विचारू नको.”

धनराजीनंही तेच सांगितलं, पण ती सगळ्यालाच नको म्हणते, म्हणून मी ते धरलं नाही. मी कायद्यानं चालणारा माणूस. इस्त्रीचा शर्ट घातला आणि तुमच्या कचेरीत आलो.

बाहेरच्या टेबलावर शालेश्नी नावाची मुलगी बसते. विचारलं, “साहेब आहेत का?”

मान वर न करता ती म्हणाली, “मस्ट बी.”

मी बाकावर बसलो. भिंतीवरची सगळी पत्रकं वाचून झाली, डेंग्यूवरचं दोनदा वाचलं. जेवणाची वेळ टळली. मग कळलं की साहेब कालच राजधानीला, सुव्याला गेलेत.

“अगं, तू तर म्हणालीस मस्ट बी!”

“काका, मस्ट बीच म्हटलं ना? आहेत, असं कुठे म्हटलं?”

पोरीचं बरोबर होतं. मी खजील होऊन घरी आलो. तिच्यावर रागावणं म्हणजे आकाशाकडे बघून ‘पाऊस येईलसं वाटतं’ म्हणणाऱ्याला पाऊस न आल्याबद्दल पकडणं.

तुम्ही न्यूझीलंडहून फिजीत नवीन आलात, साहेब, म्हणून हे तुम्हाला कुणीतरी सांगायला हवं होतं. तुमच्या देशात ‘मस्ट बी’ म्हणजे असणारच, पैज लाव. आमच्याकडे ‘मस्ट बी’ म्हणजे असेल बुवा. असेल, नसेल, देवाला माहीत, तू बस, चहा घे. आणि फक्त मस्ट बीचं नाही. ‘येस’ म्हणजे तुझं ऐकू आलं. ‘शुअर’ म्हणजे नाही म्हणून तुझं मन मोडवत नाही. ‘डेफिनेट’ कुणी म्हणालं तर समजावं की हा माणूस गाव सोडून जायच्या तयारीत आहे. ज्याला खरंच यायचं असतं तो काही बोलतच नाही. दोन्ही भुवया वर करतो, आणि येतो.

तुम्ही म्हणाल, आम्ही तुमची भाषा बिघडवली. काय बिघडवली? माझा आजा हिंदुस्थानातून करारावर ऊस तोडायला आला तेव्हा त्याला इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता. तो मस्ट बी शिकला गोऱ्या मुकादमाच्या तोंडून. रेशनचा तांदूळ मस्ट बी बोटीत आहे. बोटीत तांदूळ नसायचा. उद्या मस्ट बी सुट्टी. उद्या पाठीवर चाबूक. करार संपला की परतीची बोट मस्ट बी येणार. आजा इथल्याच नदीकाठी जळला. आता मला सांगा, त्या माणसानं मस्ट बीचा अर्थ काय लावायचा होता? शब्द तुमचा, अर्थ आम्ही तुमच्या वागण्यातून काढला. कुठल्या शाळेत गेलो नाही, तरी बरोबर काढला.

असो. चिडायचं नाही, असं धनराजीला कबूल केलं आहे.

पुढे एक दिवस तुम्ही स्वतः जागा बघायला आलात. चांगलं केलंत. पण आलात ते पावसात. गाडीतून उतरून धावत माझ्या ओसरीवर आलात, कारण पहिलं छप्पर दिसलं ते माझं. धनराजीनं लिंबाच्या पानांचा चहा केला, गुलगुले तळले. तुम्ही गुलगुले आवडीनं खाल्लेत, याबद्दल तक्रार नाही. मग तुम्ही बाहेर पावसात बोट दाखवून विचारलंत, “म्हणजे बस थांबते ती हीच जागा?”

साहेब, पाऊस असा होता की मला माझं फाटक दिसत नव्हतं. तुमचं बोट फाटकाकडे होतं, झाडाकडे होतं की न्यूझीलंडकडे, कळायला मार्ग नव्हता. आणि घरी आलेल्या पाहुण्याला ‘मला काही दिसत नाही’ म्हणणं म्हणजे ‘तुमचं बोट वाकडं आहे’ म्हणणं. आमच्यात असं बोलत नाहीत. मी म्हटलं, “मस्ट बी.”

“मस्ट बी?” तुम्ही खूश होऊन विचारलंत.

“मस्ट बी,” मी आणखी जरा सैल करून म्हटलं.

“छान. नक्की बोलणारी माणसं मला आवडतात.”

मला वाटलं तुम्ही माझी थट्टा करताय. मी हसलो. तुम्हीही हसलात. मी म्हटलं, पाऊस थांबू द्या, चालत जाऊन दाखवतो. तुम्ही म्हणालात, गरज नाही, आता शंकाच उरली नाही. तुम्ही वहीत काहीतरी लिहून गुलगुला उचललात. त्या वेळी तुम्ही माझं फाटक पुरलंत, आणि मी तुम्हाला चहा हवा का विचारत होतो.

त्यानंतर आमच्या मुलीनं आम्हाला सावूसावूला बोलावलं. धनराजी म्हणाली, कोंबड्यांकडे कोण बघणार, तुम्ही जा. मी गेलो. परत येऊन फाटकाशी पोचतो तर फाटकापुढे भिंत. मला वाटलं दुसऱ्याच्या घरी आलो. भिंतीपलीकडून बायकोचा आवाज आला तेव्हा खात्री पटली.

“हे काय आहे?” मी ओरडलो.

“बसचा निवारा.”

“इथे? तू अडवलं नाहीस?”

“विचारलं की मी बांधकामाच्या मुकादमाला, इथेच का म्हणून. तो म्हणाला, तुमच्याच नवऱ्यानं जागा सांगितली. मग मी कशाला बोलू? तुम्ही मला विचारून काही करता का?”

 बॅग डोक्यावर घेऊन मी पहिल्यांदा पोट आत ओढलं.

मग इनोके आला. शिडी न आणता आला. म्हणाला, “तवाले, मुकादमानं मलाही विचारलं होतं, हीच ना ती जागा?”

“मग तू काय सांगितलंस?”

“मस्ट बी म्हटलं. मला काय माहीत तुझं नि सरकारचं काय ठरलंय?”

“अरे, जन्म पोलिसात गेला तुझा! साक्ष अशी देतात?”

“कोर्टात मी असंच म्हणायचो,” इनोके शांतपणे म्हणाला. “म्हणून तर माझ्यावर गावात कुणाचा राग नाही.”

पहिले काही दिवस तसं बरं चाललं. बस झाडाखालीच थांबत होती, केसायाच्या रोट्या खपत होत्या, आणि निवारा रिकामा. अगदी रिकामा नाही. आमची गाय लाली दिवसभर रस्त्याकडेला चरते आणि संध्याकाळी आपली आपण फाटकातून आत येते. आता फाटकात तिचं डोकं मावायचं, पोट नाही. आणि पोट आत ओढण्याच्या बाबतीत तिचं मत धनराजीसारखंच. तिनं दोनदा शिंगं भिंतीला घासली, मग वळली, निवाऱ्यात शिरली आणि बाकाशेजारी बसली. पावसाचं टिपूस नाही, वारा नाही. तिला जागा आवडली. तुमच्या खात्यानं बांधलेल्या वास्तूबद्दल समाधानी असलेली सात मैलमधली ती एकटीच.

बाजारात लोक मला विचारायला लागले, “काय बिसुनदेवभाई, सरकारी पैशात गोठा झाला म्हणे?” एक जण म्हणाला, “आमच्या म्हशीचं पण बघा ना साहेबांकडे.” ज्या माणसानं आयुष्यात कधी बसचं तिकीट चुकवलं नाही त्याला हे ऐकावं लागलं. मी पुन्हा इस्त्रीचा शर्ट घातला.

या वेळी तुम्ही जागेवर होतात. शालेश्नी ‘मस्ट बी’ म्हणाली आणि तुम्ही खरंच आत सापडलात. ती स्वतःच दचकली. मी तुम्हाला सगळं नीट समजावलं. तुम्ही ऐकलंत, आणि मग मागच्या फळीवरून एक जाडजूड शब्दकोश काढलात. पान उघडून मोठ्यानं वाचलंत. बोलणाऱ्याची पूर्ण खात्री असते तेव्हा हा शब्द वापरतात, असं त्यात लिहिलं होतं. पुस्तक माझ्याकडे वळवून तुम्ही त्या ओळीवर बोट ठेवलंत. या वेळी बोट स्पष्ट दिसलं.

मी विचारलं, “साहेब, ज्यानं हे पुस्तक लिहिलं तो कधी सात मैलच्या बसची वाट बघत उभा राहिला होता का?”

“मला नाही वाटत.”

“मग?”

“मग काय? तुम्ही मला खोटं सांगितलंत, असं समजू?”

“खोटं कसं? मी नक्की असं काही सांगितलंच नव्हतं.”

“तुम्ही मस्ट बी म्हणालात.”

“तेच तर म्हणतोय!”

बाहेर शालेश्नी खोकल्याचं निमित्त करून हसत होती. तुम्ही टोपी काढून पुन्हा घातलीत आणि म्हणालात, “हे बघा, एका शब्दाला एकच अर्थ हवा, नाहीतर कारभार चालायचा कसा?”

“एका शब्दाला एकच अर्थ असता तर साहेब, एकही लग्न टिकलं नसतं,” मी म्हटलं. हे मी बोलून गेलो आणि तुम्हाला राग आला असावा, कारण तुमचं लग्न कसं चाललंय मला काय ठाऊक. पण तुम्ही सभ्यपणे म्हणालात की लोक निवारा वापरत नाहीत ही अडचण तुमच्या लक्षात आली आहे आणि तुम्ही तिच्यावर इलाज कराल.

मला वाटलं, निवारा हलणार. आनंदानं मी बाजारातून धनराजीसाठी कापड घेऊन गेलो.

इलाज आला तो पत्र्याचा होता. निवाऱ्यावर निळी पाटी ठोकली गेली, इंग्रजीत: ‘पॅसेंजर्स मस्ट बी इन शेल्टर’. तुम्हाला म्हणायचं होतं, उतारूंनी निवाऱ्यातच उभं राहिलं पाहिजे. सात मैलनं वाचलं ते असं: उतारू निवाऱ्यात असतील बुवा.

रामसमूझ दुसऱ्या दिवशी बस घेऊन आला. पाटी बघून त्यानं माझ्या दारात ब्रेक मारला, खिडकीतून मान काढली. “काका, पाटी म्हणतेय उतारू मस्ट बी आत. कोण आहे?”

“लाली.”

“लंबासाला जायचंय का तिला?”

“नाही.”

“बघा हं. मागाहून म्हणाल थांबला नाहीस.” आणि तो झाडाकडे गेला. मग हे रोजचंच झालं. रामसमूझ थांबायचा, “आहे का कुणी?” विचारायचा, लाली कान हलवायची, बस पुढे जायची. मला सांगायला हरकत नाही, त्या दिवसांत माझा तुमच्यावरचा राग बराच कमी झाला होता.

मग तुमचा तपासनीस आला. त्यानं झाडाखाली उभी बस पकडली. रामसमूझनं पाटीचा अर्थ सांगितला. तपासनीस आमच्याच इकडचा, त्याला तो पटलाही. “मलाही तसंच वाटलं होतं रे,” असं तो म्हणाल्याचं रोटी खाताना चौघांनी ऐकलं. पण त्यानं समज लिहून दिली. बसच्या मालकानं रामसमूझला सांगितलं, पुन्हा झाडाखाली थांबलास तर किल्ली ठेवून घरी जा. त्याला तीन पोरं आहेत. तो थांबेना. झाडाशी आला की गाडी थोडी हळू करतो आणि खिडकीतून ओरडतो, “केसा दीदी, माफ कर!” मागून एखादा उतारू ओरडतो, “दोन राखून ठेव!” कुणासाठी राखून ठेवायच्या? बस वळणापलीकडे गेलेली असते.

लोक आता माझ्या दारात उभे राहतात, लालीला सरकवून. माझ्या दारातली बस झाडाखालच्या बससारखी नाही. ती येते, दार उघडतं, दार बंद होतं. कुणी उतरत नाही, कुणी खात नाही. लोक एकमेकांकडे बघून म्हणतात, भूक लागली, आणि मग माझ्या घराकडे बघतात.

रविवारी केसायाकडून आमच्याकडे रोट्या येतात, कित्येक वर्षांचा रिवाज. त्या रविवारीही आल्या. धनराजीनं पुडकं सोडलं, उलटंपालटं केलं आणि म्हणाली, “चटणी नाही.”

“विसरली असेल.”

“केसाया चटणी विसरत नाही. ही शिक्षा आहे, आणि तुमच्यामुळे मलाही.”

मी कोरडी रोटी खाल्ली. उतरेना. हात धुऊन तसाच झाडाकडे गेलो. केसाया टेबलाशी बसली होती. ताट फडक्यानं झाकलेलं. फडकं कुणी उचललेलं दिसत नव्हतं.

“ये भाई,” ती म्हणाली. “बस. खातोस?”

याच्यापेक्षा तिनं लाटणं फेकून मारलं असतं तर बरं.

“केसाया, मी सांगितलेलं काही नाही. त्यांना चुकीचं कळलं.”

“लोक म्हणतात, तूच ओढून नेलास स्टॉप.”

“तुला काय वाटतं?”

“मला वाटतं, तू ओढलास तर तुझं फाटक कशाला बंद करून घेशील. तू एवढा हुशार नाहीस नि एवढा मूर्खही नाहीस.”

मला बरं वाटलं की वाईट, अजून ठरवलेलं नाही. मी म्हटलं, “टेबल माझ्या दारात आण. आपण निवाऱ्यात मांडू. लालीला मी मागे बांधतो. बाक आहे, छप्पर आहे. सरकारचंच आहे.”

 आतून हाक आली, “केसा!” ती उठली, गेली, पाणी पाजून आली, पुन्हा बसली. मग म्हणाली, “ही हाक तुझ्या दारात ऐकू येईल का, भाई?”

माझ्या जिभेवर आलं होतं. सवयीनं आलं होतं. मस्ट बी. दोन अक्षरं टाकली असती की ती हसली असती, मी हसलो असतो, आणि संध्याकाळ सोपी गेली असती. पण आयुष्यात पहिल्यांदा तो शब्द मी गिळला. झाडापासून माझ्या दारापर्यंत मधे वळण आहे, इनोकेचं घर आहे, उसाच्या लॉऱ्या जातात. मी म्हटलं, “नाही. येणार नाही.”

“हं,” ती म्हणाली. “खरं बोललास.” आणि तिनं फडकं उचलून मला रोटी दिली.

त्यानंतर मी स्वस्थ बसलो नाही. वस्तीतल्या प्रत्येक दारात गेलो, सही घेतली, अंगठा घेतला. ज्यांनी गोठ्यावरून चेष्टा केली होती त्यांच्याकडेही गेलो आणि चेष्टा पुन्हा ऐकून घेतली. शेवटी तुम्ही कळवलंत की लोकांचं म्हणणं ऐकायला स्वतः येणार.

शनिवारी इनोकेच्या अंगणात चटया घातल्या. तुम्ही रिवाजाप्रमाणे यंगोनाच्या मुळ्यांची जुडी घेऊन आलात, ती दोन्ही हातांनी पुढे ठेवलीत. आम्ही एकमेकांकडे बघितलं. लाकडी तगारीत मुळ्यांची पूड पाण्यात कालवून यंगोना केलं गेलं, जिभेला नि डोक्याला जरा गुंगी आणणारं. नारळाची करवंटी तुमच्यापुढे आली तेव्हा तुम्ही बरोबर एक टाळी वाजवलीत, एका दमात प्यायलात, आणि पुन्हा टाळ्या वाजवल्यात, जेवढ्या वाजवायच्या तेवढ्याच. इनोके माझ्या कानात म्हणाला, “शिकलाय रे.” मला तेव्हाच धोका कळायला हवा होता.

सगळे बोलले. रामसमूझ बोलला, शालेश्नीला तुम्ही टिपणं घ्यायला आणलं होतं तरी तीही बोलली. धनराजी फाटकाबद्दल बोलली, ते जरा लांबलं. केसाया मागे बसली होती. तिचा कान घराकडे होता. शेवटी मी उभा राहिलो. काय विचारायचं ते मी घरी घोकून आलो होतो, आणि त्यात मस्टही नव्हतं आणि बीही नव्हतं.

“साहेब, बस पुन्हा झाडाखाली थांबणार का? हो की नाही?”

तुम्ही करवंटी खाली ठेवलीत. तोंड पुसलंत. तुमच्या दोन्ही भुवया वर गेल्या. आणि तुम्ही म्हणालात, “मस्ट बी.”

मग सगळ्यांशी हात मिळवलेत, गाडीत बसलात आणि गेलात.

गाडी वळली. नंतर सगळे एकदमच बोलायला लागले.

“झालं काम!” इनोके म्हणाला. “भुवया बघितल्यास ना? भुवया म्हणजे हो.”

“भुवया यंगोनानं वर गेल्या,” रामसमूझ म्हणाला. “एवढी मोठी करवंटी! नवख्या माणसाच्या जातातच.”

“गोरा माणूस आहे,” धनराजी म्हणाली. “त्यांचा अर्थ पुस्तकातलाच. होणार म्हणजे होणार.”

“मला नाही तसं वाटत, काकी,” शालेश्नी वही मिटत म्हणाली. “साहेब हल्ली आमच्यासारखंच बोलतात. परवा विचारलं, मला रजा मिळेल का? म्हणाले, मस्ट बी.”

“मग मिळाली?”

“तेच तर कळत नाही.”

पहिल्याइतकंच यंगोना पुन्हा कालवलं तरी निर्णय लागला नाही. पुस्तकवाले आणि भुवयावाले एका बाजूला झाले. दुसऱ्या बाजूला उरलेली वस्ती, जिला तुम्ही आमचं बोलणं फार चांगलं शिकलात अशी भीती वाटत होती. माझ्याकडे बघून सगळे म्हणाले, बिसुनदेव, तुला इंग्रजी येतं, तू सांग. साहेब, मला हा शब्द आजाच्या वेळेपासून येतो, आणि त्या अंगणात मला तो आला नाही.

गर्दी पांगली तेव्हा केसाया माझ्याजवळ आली. ती भांडली नाही. तिनं फक्त विचारलं, “भाई, सोमवारी मी पीठ किती भिजवू?”

रामसमूझची बस थांबली आणि टेबल रिकामं असलं तर लोक उपाशी जातील आणि पुन्हा वळून बघणार नाहीत. तिनं ढीगभर लाटल्या आणि बस हळू होऊन पुढे गेली तर त्या रोट्या एपेलीला आणि कोंबड्यांना. आणि त्याहून वाईट म्हणजे, ती पुन्हा कुणाच्या शब्दावर पीठ भिजवणार नाही. माझ्याही नाही.

म्हणून मी विचारतो, आणि या वेळी तुम्हाला ओसरीवर चहा नाही, करवंटी नाही, भुवया चालणार नाहीत. तुम्ही जे म्हणालात ते मस्ट बी तुमच्या पुस्तकातलं होतं की सात मैलचं? केसायानं परात पुढ्यात घेतली आहे. हात कोरडे आहेत. बोला साहेब, तिनं पीठ भिजवायचं की नाही?